छत्तीसच्या पुढे

बूड टेकवा जरा. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती उभ्याउभ्या ऐकण्यातली नाही. यात भूत नाही, चोर नाही, कुणी कुणाच्या जिवावर उठलेलं नाही. एक माणूस आहे, त्याचा कॅमेरा आहे, आणि त्या कॅमेऱ्याचा एक खटका आहे, जो अडायला पाहिजे तिथे अडला नाही. एवढंच. आणि शेवटी तुमच्याकडे माझं एक काम आहे, म्हणून मध्येच उठू नका.

त्याला सगळे रीळभाऊ म्हणतात. आधी कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, मग तेच चिकटलं. सगळं जग फोनवर फोटो काढायला लागलं, आणि हा अजून रीळ भरतो, न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदानं बुजवतो आणि आत बसून रीळ धुतो. लग्नाबिग्नाची कामं कधीच गेली. आता हौशी लोकांचे जुने कॅमेरे दुरुस्त करतो, चार पोरापोरींना शिकवतो. कुणी म्हणालं, "भाऊ, काढलेला फोटो लगेच दिसत नाही, मग काढता कशाला?" की याचं उत्तर तयार, "दिसला की माणूस बघायचं थांबतो." असली वाक्यं त्याच्याकडे गाडाभर. फोनवाल्यांना तो म्हणतो, तुम्ही फोटो काढत नाही, नळाला पाणी आल्यासारखे भरून ठेवता. माणूस वाईट नाही. पण जिभेला हाड नाही आणि स्वतःच्या हातावर भरवसा जरा जास्तच.

तर त्या दिवशी सकाळी तो हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभा होता. आत त्याच्या ताईचं ऑपरेशन नुकतंच उरकलं होतं. ताई म्हणजे सख्खी, थोरली, आईच्या मागे त्याची आई झालेली. तिच्या जबड्यात गाठ होती, आणि गाठीबरोबर एका बाजूचा खालचा जबडा काढावा लागणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता बाहेर येऊन ते म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली. काळजी करू नका." गाठ निघाली म्हणजे चेहराही निघाला, हे त्याला कळत होतं, पण जीव राहिला हे त्याहून जास्त कळत होतं. भाची, म्हणजे ताईची मुलगी, बाकावर बसून रडून घेत होती. तिला म्हणाला, जरा हवा खाऊन येतो. बाहेर ऊन पडलं होतं. गळ्यात कॅमेरा होता, त्यात कालचं रीळ होतं, आणि शेवटचे दोन-चार फोटो राहिले होते. रीळ संपल्याशिवाय काढायचं नाही ही त्याची जुनी खोड. भिंतीला टेकवून ठेवलेलं एक रिकामं स्ट्रेचर उन्हात वाळत होतं, त्याचा एक काढला. फाटकाचा एक. आकडा छत्तीसवर आला. सवयीनं त्यानं रीळ पुढे सरकवायचा खटका अंगठ्यानं ओढला, आता रीळ संपून अडेल म्हणून. नाही अडला. हसला तो. कधीकधी रीळ एखादा फोटो फुकट देतं, मापापेक्षा जास्त दूध घालणाऱ्या गवळ्यासारखं. तोही काढला आणि परत खटका ओढला. गेला. परत ओढला. गेला. अगदी मऊ, लोण्यातून सुरी जावी तसा. आणि अंगठ्याला कळलं. डोक्याला कळायच्या आधी अंगठ्याला कळलं.

तुम्हाला रिळाचं काही माहीत नसेल, तर एवढंच समजा. रीळ एका डबीत गुंडाळलेलं असतं. त्याची जीभ बाहेर काढायची, समोरच्या दांड्याच्या फटीत अडकवायची, कॅमेऱ्याची पाठ लावायची आणि खटका ओढायचा. जीभ नीट अडकली असेल तर रीळ पुढे सरकतं, आणि वर डाव्या बाजूला एक चावी असते, ती आपोआप फिरते. चावी फिरली म्हणजे रीळ चाललंय. जीभ निसटली असेल तर खटका फिरतो, आकडा वाढतो, शटर वाजतं, सगळं साग्रसंगीत होतं, फक्त रीळ जागचं हलत नाही. छत्तीस फोटो काढा नाहीतर छत्तीसशे. सगळं कोरं. म्हणून रीळ भरलं की चावीकडे बघायचं. हे वाक्य रीळभाऊनं इतक्या जणांना इतक्या वेळा सुनावलंय की पोरं त्याच्या मागे त्याची नक्कल करतात, मान वाकडी करून, "चावीकडे बघ रे गाढवा, चावीकडे." आणि आता तो फाटकाबाहेर उभा राहून आठवत होता, की काल दुपारी आपण चावीकडे बघितलं का. तिला फिरताना बघितलं का. चावी डोळ्यांपुढे येत होती. काळी, कडेला खाचा असलेली. पण ती रोजची चावी होती, हजार वेळा बघितलेली. कालची येत नव्हती.

आणि दुसरीही एक शक्यता होती, तीच त्याला जास्त छळत होती. कधीकधी रीळ अगदी टोकाला पोचतं आणि डबीतून मुळापासूनच उपटून येतं. तेव्हाही खटका असाच मोकळा फिरतो. मग सगळे फोटो कॅमेऱ्याच्या पोटात उघडे असतात, आणि पाठ उघडली, एवढीशी उजेडाची चीर आत गेली, की जळून खाक. म्हणजे आत एक तर सगळं होतं, नाहीतर काहीच नव्हतं. आणि बघायची सोय नव्हती. चावीला बोट लावून अंदाज घेता आला असता. बोट नेलं त्यानं चावीपर्यंत. ठेवलं. फिरवलं नाही. एरवी दुसऱ्याचा कॅमेरा असता तर चुटकीसरशी निकाल दिला असता. स्वतःच्या बोटाची माणसाला इतकी भीती वाटू शकते हे त्याला माहीत नव्हतं.

उघडायचा तर घरच्या काळोखातच, म्हणून त्यानं बस पकडली. बसला तो कॅमेरा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी पाठ दाबून धरून. काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसा. वळणावर शेजारचा माणूस अंगावर कलंडला तर हा त्याच्यावर असा खेकसला की त्या बिचाऱ्यानं जागाच बदलली. पुढच्या सीटवर दोन मुली फोन उंच धरून स्वतःचे फोटो काढत होत्या. ओठांचा चंबू करून, गाल आत ओढून, तोंड एका बाजूला वाकडं करून. काढायच्या, बघायच्या, खिदळायच्या, पुसायच्या. एरवी यानं एक टोमणा मारलाच असता. आज त्याला त्या वाकड्या केलेल्या तोंडाकडे बघवेना. मुलगी तोंड वाकडं करते आणि सोडते, की परत सरळ. सोडते की सरळ. त्यानं खिडकीबाहेर बघितलं तर काचेत त्याचाच चेहरा, खालची बाजू उन्हानं खाऊन टाकलेली. नुसते डोळे आणि कपाळ. तो दचकून मागे सरकला.

ताईचा धड एकही फोटो नव्हता. शहरभर लोकांच्या लग्नांचे, बारशांचे, म्हाताऱ्यांचे फोटो काढत फिरलेल्या माणसाच्या घरी सख्ख्या बहिणीचा फोटो नाही. चूक त्याची नव्हती. तिचे दात पुढे होते, लहानपणी कुणीतरी चिडवलं होतं, आणि तेव्हापासून कॅमेरा दिसला की हिचा हात तोंडावर. गेली कित्येक वर्षं ती पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीत बसायची. स्वतःला पोहता येत नाही आणि जगाला पोहण्याची तिकिटं विकते, हा तिचाच विनोद. पोरांशी खिडकीतून गप्पा, आयांशी गप्पा, खळखळून हसणं. आणि हा कॅमेरा घेऊन गेला की हात वर. "बाई, तुझा हात फार फोटोजेनिक आहे," असं तो चिडून म्हणायचा. मग जबड्यात गाठ सापडली, ऑपरेशनची तारीख ठरली, आणि एक दिवस तीच म्हणाली, "आदल्या दिवशी दुपारी ये. कॅमेरा घेऊन ये. माझं हसणं काढ."

भाची म्हणाली, "आई, मी फोनवर काढते ना. मामांचं आपलं कधी धुणार, कधी वाळणार."

"फोन नको," ताई म्हणाली. "फोनवर लगेच दिसतं. मला आत्ता बघायचं नाही. आत्ता बघितलं तर उद्या मी त्या टेबलावर चढणार नाही. नंतर बघेन. नंतर मला लागेल."

"ओळखपत्रावर आहे की तुझा फोटो."

"तो सरकारचा आहे. माझा नाही."

तरी भाची फोन हातात धरून उभी होती, एखादा आपला असावा म्हणून. आणि आपला हा शहाणा काय म्हणाला असेल? "ठेव ते खेळणं. ती बिचकते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." भाचीनं मुकाट्यानं फोन फळीवर पालथा ठेवला. तो पालथा फोन आता बसमध्ये त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. काळी पाठ, कोपऱ्यात बारीकसा डोळा, छताकडे बघत आंधळा पडलेला. तो एक डोळा ताईकडे राहू दिला असता तर? पण नाही. त्याचा हात ना. त्याचा हात कधी चुकत नाही.

आणि मग त्याला आठवलं. बस थांब्यावर थांबली, दार उघडलं, वारा आत आला आणि आठवलं. ताई स्वयंपाकघरात खिडकीपाशी स्टुलावर बसली होती, केस विंचरून, हात मांडीवर दाबून धरलेले, वर उठू नयेत म्हणून. तो समोर उकिडवा बसून रीळ भरत होता. जीभ फटीत घातली. पाठ लावली. खटका ओढला. आणि नेमकी तेव्हा ती म्हणाली, "काय रे, तू मला दोन्ही डोळ्यांनी कधी बघितलंस का? कायम आपला एक मिटलेला. मला तर वाटतं तुझी बहीण तुला अर्धीच माहीत आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. हात न लावता. दात, हिरड्या, डाव्या गालाला पडणारी घडी, सगळं उघडं टाकून हसली. आणि यानं वर बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. तोही हसायला लागला. चावी त्याच्या हाताखाली होती. फिरली असेल, नसेल. तो तिच्याकडे बघत होता.

उतरायचा थांबा मागे पडला. पुढच्या थांब्यावर उतरला आणि उलटा चालत आला. रस्ता तोच होता, रोजचाच. किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, कपड्यांच्या दुकानातले बिनचेहऱ्याचे पुतळे. आज त्यानं पुतळ्यांकडे बघितलं नाही. पण ते आपल्याकडे बघतायत असं वाटलं, आणि डोळे नसताना बघतायत म्हणून जास्तच वाटलं. घरी आला. भरदुपार होती. न्हाणीघरात गेला, दाराच्या फटीला टॉवेल कोंबला, फोन बाहेर बुटात ठेवला, आत उजेड पडायला नको म्हणून. दिवा मालवला. जन्म गेला त्याचा या काळोखात. डोळे मिटून भात कालवावा तसे त्याचे हात इथे चालतात. आणि आज दिवा मालवल्याबरोबर तो लहान झाला. अगदी आठ-नऊ वर्षांचा.

कारण काळोखाची त्याला पहिल्यापासून भीती होती. हसू नका. काकांचा जुना कॅमेरा हाती आला तेव्हा रीळ धुवायचं वेड लागलं, पण बंद न्हाणीघरात एकटं बसायची छाती नव्हती. तर ताई दाराबाहेर बसायची. पाठ दाराला टेकवून, कुणी चुकून उघडू नये म्हणून, आणि बोलत राहायची. मैत्रिणींच्या चहाड्या, मास्तरांच्या नकला, काहीही. हा गप्प झाला की दारावर टकटक. "बोल रे. नाहीतर मला वाटेल त्या औषधात विरघळलास. मग तुला बाटलीत भरून आईला काय सांगू?" आतला काळोख आणि बाहेरचा आवाज, दोन्ही मिळून त्याचं शिक्षण झालं. पुढे भीती गेली, ताई लग्न होऊन गेली, दार तसंच राहिलं. आज त्याला दाराच्या पलीकडची शांतता ऐकू येत होती. नळ ठिबकत होता, आणि प्रत्येक थेंबानंतर आता टकटक होईल असं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं हळूहळू येईल, पण पूर्वीसारखं येईलच असं नाही. म्हणजे तो आवाजही गेला असेल. त्यानं आवाजाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आवाजाचं रीळ त्यानं कधी भरलंच नव्हतं.

कॅमेरा मांडीवर होता. पाठीची कडी बोटाखाली होती. ती ओढायची, बस. ओढली नाही तोवर आत ताई होती. खिडकीपाशी, स्टुलावर, हात मांडीवर, हसत. ओढली की असेल किंवा नसेल. एकदा वाटलं, असंच ठेवावं. कधीच उघडू नये. कपाटात ठेवून द्यावा कॅमेरा, कुणी विचारलं तर सांगावं, आत आहे. घाम निथळून डोळ्यांत जात होता. काळोखात डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच, पण त्यानं सवयीनं एक मिटला. आणि बाहेर बुटात फोन वाजला. वाजत राहिला. भाची असणार. ताई शुद्धीवर आली असणार, नाहीतर... ते 'नाहीतर' मनात आलं मात्र, त्यानं कडी ओढली.

आधी बोटं डावीकडे गेली, डबीकडे. मग उजवीकडे, दांड्याकडे. रीळ गुंडाळलेलं असतं तर दांडा जाडजूड लागला असता, गुळगुळीत, पोट भरलेला. बोटांना हाडूक लागलं. नागडा, बारीक दांडा, मधली फट मोकळी. आणि डबीच्या तोंडाशी ती जीभ, जिथे घातली होती तिथून जराशी निसटलेली, वळलेली, बाहेर काढून दाखवल्यासारखी. तो तिच्यावरून बोट फिरवत बसला. परत परत. बोटाचं ऐकून घ्यायला मन तयार नव्हतं. मग त्यानं दिवा लावला. लावायला काही हरकत नव्हती. जळण्यासारखं काही नव्हतंच.

फोन भाचीचाच होता. आई जागी झाली, तुम्हाला शोधतेय.

गेला तो. न जाऊन सांगतो कुणाला? खाटेवर ताई होती, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरं गुंडाळलेलं, नाकात नळी, वर फक्त डोळे. बसच्या काचेत बघितलं होतं तसंच. त्याला बघून तिनं हात उचलला. जड झाला होता, पण उचलला. एक डोळा मिटला, आणि हवेत तर्जनीनं बटण दाबलं. एकदा. मग भुवई वर केली. काय विचारतेय हे लहान पोरालाही कळलं असतं. भाची शेजारी उभी होती. आणि आपला रीळभाऊ, ज्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला वाईट फोटो चांगला म्हणून विकला नाही, तो म्हणाला, "आले. छान आले सगळे."

तिनं दोन्ही डोळे मिटले. आणि त्या पट्ट्यांच्या आत कुठेतरी काहीतरी हललं. तो म्हणतो, ती हसली. दुखलं असणार तिला, पण हसली.

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मामा, मला तरी दाखवा ना."

"ओले आहेत अजून."

"वाळायला किती वेळ लागतो?"

"लागतो," तो म्हणाला, आणि हात खिशात घातला. खिशात ती डबी होती.

आता तो रोज जातो आणि रोज ओले आहेत म्हणतो. पट्ट्या थोड्याथोड्या कमी होतायत. नर्स म्हणाली, सगळ्या निघाल्या की बाई आरसा मागतील, सगळ्याच मागतात, तेव्हा घरचं कुणीतरी जवळ असू द्या. आणि आरसा मागितला की त्यामागोमाग ती दुसरी गोष्ट मागणार. नंतर मला लागेल, म्हणाली होती ना. त्याला झोप नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती नाही येत, तिचा पुढे केलेला हात येतो, फोटो घ्यायला उघडलेला तळवा. भाचीला त्यानं अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं, त्या कोऱ्या डबीवर अंगठा घासत. आणि मी तुम्हाला सांगतोय, ते उगाच नाही.

त्या पोहण्याच्या तलावावर तुम्ही कधी ना कधी गेला असाल. पोराला पहिल्यांदा पाण्यात घालायला, भाचरांना घेऊन, कशालाही. तिकिटाच्या खिडकीसमोर ती निळ्या फरशांची भिंत आहे, तिथे सगळेच पोरांना उभं करून फोटो काढतात, ओले केस, टॉवेल, दोन बोटं वर. त्या फोटोंत मागे खिडकी येते. खिडकीत एक बाई असते, तिला ठाऊक नसतं की आपण फोटोत आहोत, त्यामुळे तिचा हात तोंडावर नसतो. तेवढे फोन उघडा. तुमचा, बायकोचा, कपाटात पडलेला जुना. तुमचं पोर सोडून मागे बघा. कितीही लहान असो, हललेली असो, अर्धी कापलेली असो. मी त्याला विचारलं, अगदी धूसर असली तर? हा माणूस धूसर फोटो तोंडावर फाडायचा. म्हणाला, "धूसर चालेल." तेवढं बघा. आणि सापडली तर पट्ट्या निघायच्या आत आणून द्या.